आज्ञार्थाची दिशा : प्रारंभिक वाचनाच्या चित्रपुस्तकांतील पाळीव प्राणी

प्रास्ताविक

वाचायला शिकणाऱ्या बालकाच्या हाती जे पहिले चित्रपुस्तक येते त्यात बहुधा एखादे मांजर असते, नाहीतर कुत्रा असतो. इंग्रजी भाषेतील प्रारंभिक वाचनाच्या पुस्तकांपुरते बोलायचे तर ही गोष्ट इतकी परिचयाची आहे की तिच्याविषयी प्रश्न विचारावा असे सहसा कोणाला वाटत नाही. मुलांना प्राणी आवडतात म्हणून पुस्तकांत प्राणी येतात, असे उत्तर दिले जाते. हे उत्तर खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. मुलांना वाघ आवडतो, हत्ती आवडतो, माकड तर फारच आवडते. तरीही वाचनाच्या अगदी पहिल्या पायरीवर घरातल्या कुत्र्या-मांजराचीच निवड पुन्हा पुन्हा का झाली, हा प्रश्न शिल्लक राहतो.

प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा ऐतिहासिक अंगाने विचार केला आहे. नवशिक्या वाचकासाठी वाक्य अत्यंत लहान असावे लागते, शब्द मोजके असावे लागतात आणि तेच शब्द वारंवार यावे लागतात. माणसे एकमेकांशी अशा भाषेत बोलत नाहीत. पाळीव प्राण्याशी बोलताना मात्र ती अशाच भाषेत बोलतात : ये, बस, पळ, बघ. म्हणजे पाळीव प्राण्याने पुस्तकातील वाक्यरचनेची एक अडचण दूर केली. ही वाक्ये प्रामुख्याने आज्ञार्थी आहेत, आणि ती कोणी कोणाला उद्देशून उच्चारली हे गेल्या तीन शतकांत सारखे बदलत गेले आहे. या बदलाचा मागोवा घेणे आणि त्यावरून मराठीतील प्रारंभिक वाचनाच्या पुस्तकांविषयी काही म्हणता येते का हे पाहणे, एवढीच या निबंधाची व्याप्ती आहे.

आरंभी ‘पाळीव’ या शब्दाविषयी थोडे सांगितले पाहिजे. इंग्लंडमधील मनुष्य आणि निसर्ग यांच्या संबंधांचा इतिहास लिहिणारे कीथ थॉमस यांनी १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, इंग्रजीत ज्याला ‘पेट’ म्हणतात त्या प्राण्याची तीन लक्षणे सांगितली आहेत. त्याला घरात प्रवेश असतो. त्याला स्वतःचे विशेषनाम असते. आणि त्याचे मांस खाल्ले जात नाही. मराठीत मात्र गाय, बैल, शेळी, कोंबडी, कुत्रा, मांजर हे सगळे एकाच ‘पाळीव’ या शब्दाखाली येतात. शाळेत आपण सर्वांनी ‘माझा आवडता प्राणी’ हा निबंध लिहिलेला आहे. त्यात आवडीपेक्षा उपयोगाचीच यादी मोठी असे, हे अनेकांना आठवत असेल. हा भाषिक भेद पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

प्राण्याच्या आवाजापासून प्राण्याच्या चित्रापर्यंत

मोरावियात जन्मलेला शिक्षणतज्ज्ञ योहान आमोस कोमेनियस (१५९२–१६७०) याचे ‘ऑर्बिस सेन्शुअलियम पिक्टस’ हे सचित्र पाठ्यपुस्तक १६५८ मध्ये न्युरेंबर्ग येथे लॅटिन व जर्मन भाषांत प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी चार्ल्स हूल याने त्याचे इंग्रजी रूपांतर केले. मुलांसाठीच्या सचित्र पुस्तकांच्या इतिहासाचा आरंभ बहुधा याच ग्रंथापासून केला जातो. त्याच्या सुरुवातीस एक वर्णमाला आहे आणि ती मोठी विलक्षण आहे. आपल्या अंकलिपीत ज्या वस्तूच्या नावाचा आरंभ त्या अक्षराने होतो तिचे चित्र असते : बदकाचा ब, कमळाचा क. कोमेनियसने तसे केले नाही. त्याने प्रत्येक अक्षरासमोर ज्याच्या आवाजात तो ध्वनी ऐकू येतो त्याचे चित्र दिले. कोकराच्या बेंबाटण्यात ‘ब’ आहे, गुरगुरणाऱ्या कुत्र्याच्या घशात ‘र’ आहे, सापाच्या फूत्कारात ‘स’ आहे. मांजर तेथे ‘न’ शिकवते, कारण लेखकाच्या कानाला त्याचे ओरडणे ‘नाउ’ असे ऐकू आले. वारा, तान्हे मूल, गाडीवान असे काही अपवाद वगळता ही सारी वर्णमाला पशुपक्ष्यांच्या तोंडची आहे.

कोमेनियसला ध्वनी आणि चिन्ह यांचा संबंध मुलाच्या अनुभवातून जुळवायचा होता, आणि हा अनुभव प्राण्यांच्या आवाजाइतका स्पष्ट दुसरीकडे कोठे सापडणार? आपल्याकडील भूभू, माऊ, हम्मा, चिऊ, काऊ ही बालभाषेतील नावे त्याच जातीची आहेत. प्राण्याचा आवाज हेच त्याचे नाव. मराठी घरातले मूल ‘कुत्रा’ हा शब्द बोलण्याच्या कितीतरी आधी ‘भूभू’ बोलते. मात्र कोमेनियसच्या पुस्तकात प्राणी आवाज करतात तरी त्यांच्याशी कोणी बोलत नाही. ते घरातले आहेत की रानातले याला तेथे महत्त्व नाही. लांडगा आणि अस्वल कुत्र्या-मांजराच्याच रांगेत उभे आहेत.

प्राण्याला घरात आणण्याचे काम पुढच्या शतकात झाले. जॉन लॉक याने शिक्षणविषयक विचार १६९३ मध्ये मांडले. मूल अक्षरे जुळवू लागताच त्याला प्राण्यांची शक्य तितकी चित्रे, खाली छापील नावांसह, मिळवून द्यावीत, असे त्याने सुचविले. याच ग्रंथात त्याने आपल्या परिचयातील एका मातेची प्रशंसा केली आहे. ती आपल्या मुलींना कुत्री, खारी, पक्षी हौसेने पाळू देत असे, मात्र त्यांची नीट निगा राखलीच पाहिजे अशी तिची अट असे. चित्राखालचे नाव आणि घरातला जिवंत प्राणी या दोन गोष्टी लॉकच्या ग्रंथात वेगवेगळ्या प्रकरणांत आहेत. त्या एकाच पानावर येण्यास आणखी पंचाऐंशी वर्षे जावी लागली.

बार्बोल्डबाईंचे मांजर

ॲना लेटिशिया बार्बोल्ड या कवयित्री व शिक्षिका. इंग्लंडमधील सफोक परगण्यात पती रोशमाँ बार्बोल्ड यांच्यासमवेत त्या मुलांची शाळा चालवीत. त्यांना स्वतःचे अपत्य नव्हते. भावाचा मुलगा चार्ल्स त्यांनी दत्तक घेतला होता. त्याला वाचायला शिकविण्यासाठी त्यांनी १७७८–७९ मध्ये ‘लेसन्स फॉर चिल्ड्रन’ या नावाची चार छोटी पुस्तके लिहिली. पहिले पुस्तक दोन-तीन वर्षांच्या मुलासाठी आहे. लहान मुलांच्या पुस्तकांना चांगला कागद, ठळक टाइप आणि शब्दांभोवती भरपूर मोकळी जागा हवी, आणि नेमके तेच बाजारातील पुस्तकांत नसते, अशी तक्रार बाईंनी प्रारंभीच नोंदवली आहे. सव्वादोनशेहून अधिक वर्षांपूर्वीची ही तक्रार आजही शिळी झालेली नाही!

या पुस्तकाचे पहिले पान म्हणजे प्रारंभिक वाचनाच्या इतिहासातील एक दुर्मीळ दस्तऐवज होय, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे. आई चार्ल्सला जवळ बोलावते, मांडीवर बसवते, पुस्तक वाचायला सांगते. शब्दांवर ठेवण्याची टाचणी कोठे आहे, असे विचारते. पुस्तक फाडू नकोस, असे बजावते. आणि एवढ्यात मांजराची आठवण निघते. ते टेबलाखाली गेले आहे. चार्ल्सला ते पकडता येणार नाही. त्याची शेपटी ओढू नये, त्याला कुरवाळावे, असे आई सांगते. पुस्तकात चित्रे नाहीत. परंतु वाचताना जे आजूबाजूला आहे तेच पानावर आहे. मूल, मांडी, टाचणी, टेबल, मांजर. वाक्ये दोन-चार शब्दांची, बहुतेक आज्ञार्थी.

या पानावर आज्ञा कोण देते? फक्त आई. आज्ञा ऐकणारा चार्ल्स. तो जे वाचतो आहे ते स्वतःला मिळालेल्या आज्ञांचे वाचन आहे. मांजराला मात्र येथे कोणीच काही फर्मावत नाही. आईच्या हुकमतीबाहेर राहिलेला त्या खोलीतला तो एकमेव जीव आहे, आणि चार्ल्सचे लक्ष साहजिकच तिकडे गेले आहे. बाईंनी हे जाणून केले की ओघात झाले, हे ठरविण्याचे साधन नाही. पण वाचनाच्या पाठात खोडकरपणाला पहिली जागा मिळाली ती मांजरामुळे.

पुढील शंभर-सव्वाशे वर्षांत मुलांच्या पुस्तकांतील प्राणी वाढले. सारा ट्रिमर यांची रॉबिन पक्ष्यांच्या कुटुंबाची कथा १७८६ मध्ये आली, रँडॉल्फ कॅल्डिकॉट यांची चित्रपुस्तके १८७८ पासून निघू लागली, बिअट्रिक्स पॉटर यांचा पीटर ससा १९०२ मध्ये अवतरला. यांतील बरेच प्राणी म्हणजे कपडे घातलेली मुलेच होत, आणि ती पुस्तके बहुधा मोठ्यांनी वाचून दाखवायची होती. नवशिक्याने स्वतः वाचायच्या पुस्तकांचा प्रवाह निराळा.

मूल आज्ञा देऊ लागते

अमेरिकेतील स्कॉट फोर्समन या प्रकाशनसंस्थेच्या वाचनमालेत १९३० मध्ये डिक आणि जेन ही भावंडे प्रथम आली. झर्ना शार्प यांची ही कल्पना. शिक्षणशास्त्रज्ञ विल्यम ग्रे यांनी तिला शास्त्रीय बैठक दिली. संपूर्ण शब्द नजरेने ओळखावा, नवे शब्द अगदी थोडे द्यावेत आणि प्रत्येकाची पुष्कळ आवृत्ती व्हावी, हे तिचे सूत्र होते. या सूत्रानुसार लिहायचे म्हणजे तोच शब्द पाच-सहा वेळा घ्यावा लागे, आणि पात्रे बुद्धीने मंद वाटू न देता असे लिहिणे जवळजवळ अशक्य होते. या मालेतील स्पॉट नावाचा कुत्रा आणि पफ नावाचे मांजर येथे कामी आले. कुत्र्याला ‘पळ’ असे तीनदा सांगण्यात काही विचित्र वाटत नाही. मांजराकडे बोट दाखवून ‘बघ, बघ’ म्हणणारे मूल खरोखरच तसे म्हणते.

बार्बोल्डबाईंच्या पुस्तकाशी तुलना केली की बदल ध्यानात येतो. आता आज्ञा देणारे मूल आहे आणि ऐकणारा कुत्रा. घरात, शाळेत दिवसभर ‘ऊठ, बस, लिही’ ऐकणाऱ्या बालकाला वाचताना प्रथमच हुकूम देण्याची संधी मिळाली. प्राण्याला विशेषनामही मिळाले. बार्बोल्डबाईंचे मांजर नुसती ‘पुसी’ होती. स्पॉट आणि पफ थॉमस यांच्या तिन्ही लक्षणांत बसतात. ब्रिटनमध्ये १९६४ पासून लेडीबर्ड प्रकाशनाने विल्यम मरे यांची पीटर व जेनची माला काढली, तीतही पॅट नावाचा कुत्रा होता. अवघे बारा शब्द आपल्या एकूण वाचनाचा सुमारे चौथा हिस्सा व्यापतात, या हिशेबावर ती माला उभी होती. पुढे १९८६ पासून ऑक्सफर्डच्या वाचनमालेत फ्लॉपी नावाचा कुत्रा आला. माला बदलल्या तरी कुत्र्याची जागा रिकामी राहिली नाही.

या पुस्तकांतील घर मात्र सर्वांचे घर नव्हते. हिरवळ, कुंपण, मोटार आणि गोरे कुटुंब. डिक-जेनच्या मालेत कृष्णवर्णीय कुटुंब आले ते थेट १९६५ च्या आवृत्तीत. टोनी मॉरिसन यांच्या ‘द ब्लूएस्ट आय’ (१९७०) या कादंबरीच्या आरंभी याच धर्तीचा घर, आई-बाबा, मांजर आणि कुत्रा यांचा पाठ छापलेला आहे. तो तीनदा येतो : एकदा नीट, एकदा विरामचिन्हांवाचून, एकदा शब्दांमधील जागाही काढून टाकून. कादंबरीत पुढे एका म्हाताऱ्या कुत्र्याला एका मुलीच्या हातून विष दिले जाते. वाचनपाठातील आनंदी कुत्र्यावर याहून कठोर टीका क्वचितच झाली असेल. आपल्याकडे अशी थेट तुलना नाही. परंतु लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’त (१९८०) बिऱ्हाड ज्यांच्या पाठीवरून गावोगाव हिंडते ती गाढवे आठवली की, अंकलिपीतील ‘पाळीव प्राणी’ नेमके कोणाच्या दारातले, हा प्रश्न मराठी वाचकालाही टाळता येत नाही.

टोपीवाला बोका आणि काचेतला मासा

डिक-जेनच्या पुस्तकांवर पहिला मोठा हल्ला झाला तो कंटाळवाणेपणाबद्दल. ‘हिरोशिमा’चे लेखक जॉन हर्सी यांनी मे १९५४ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात लेख लिहिला. मुले वाचनात मागे का पडतात याची मीमांसा करताना त्यांनी वाचनमालांतील गुळमुळीत चित्रांवर बोट ठेवले, आणि डॉ. स्यूस यांच्यासारख्या कल्पक चित्रकारांकडे हे काम का देत नाही, असे विचारले. दुसऱ्या वर्षी रुडॉल्फ फ्लेश यांचे ‘व्हाय जॉनी कान्ट रीड’ प्रसिद्ध झाले. त्यांचा आक्षेप पद्धतीवर होता. संपूर्ण शब्द पाठ करून घेण्याऐवजी अक्षर आणि ध्वनी यांची सांगड शिकवा, असा त्यांचा आग्रह होता. प्रकाशक विल्यम स्पॉल्डिंग यांनी स्यूस यांना मर्यादित शब्दांची यादी दिली. त्यातून १९५७ मध्ये ‘द कॅट इन द हॅट’ हे पुस्तक जन्माला आले. त्यात एकूण वेगवेगळे शब्द २३६ आहेत.

या पुस्तकातील बोका पाळीव नाही, हे नजरेआड होते. आई बाहेर गेलेली असताना तो घरात घुसलेला आगंतुक आहे. घरातला पाळीव प्राणी आहे तो काचेच्या भांड्यातला मासा. तो काय करतो? तो आईच्या वतीने बोलतो. बोक्याने येथे थांबू नये, त्याला घालवा, असे तो मुलांना पुन्हा पुन्हा बजावतो. म्हणजे ज्या प्राण्याला मुलांनी आज्ञा द्यायची तोच मुलांना आज्ञा देऊ लागला, आणि हुकमतीबाहेरचे मांजर, बार्बोल्डबाईंच्या टेबलाखालून जणू बाहेर येऊन, खोलीच्या मध्यभागी उभे राहिले. मधली दोन मुले कोणाचे ऐकावे या पेचात आहेत. अडीचशेच्या आतल्या शब्दांत एवढा नैतिक पेच उभा करणे ही सोपी गोष्ट नव्हे.

याच सुमारास आज्ञार्थाऐवजी वाचकाचे अधिक जाणणे हेच पुस्तकाचे बळ ठरू लागले. जीन झायन यांचा हॅरी (१९५६) हा काळे ठिपके असलेला पांढरा कुत्रा अंघोळ टाळून पळतो आणि मळून पांढरे ठिपके असलेला काळा कुत्रा होऊन परततो. घरची माणसे त्याला ओळखत नाहीत. वाचणारे मूल ओळखते. पॅट हचिन्स यांच्या ‘रोझीज वॉक’ (१९६८) मध्ये कोंबडी फेरफटका मारून येते, एवढेच मजकूर सांगतो. तिच्या मागावर असलेला कोल्हा केवळ चित्रांत आहे. एरिक हिल यांच्या ‘व्हेअर्ज स्पॉट?’ (१९८०) मध्ये पिल्लू हरवले आहे, आणि प्रत्येक पानावरील कागदी झडप उघडून पाहायची व ‘नाही’ म्हणायचे काम मुलाचे आहे.

मर्सर मेयर यांच्या शब्दविरहित पुस्तकांचा उल्लेख येथे स्वतंत्रपणे केला पाहिजे. ‘फ्रॉग, व्हेअर आर यू?’ (१९६९) मध्ये एका मुलाने बरणीत ठेवलेला बेडूक रात्री निसटतो आणि मुलगा आपल्या कुत्र्यासह त्याला शोधत फिरतो. पुस्तकात एकही वाक्य नाही. म्हणूनच भाषावैज्ञानिकांना ते बहुमोल वाटले. रूथ बर्मन आणि डॅन स्लोबिन यांच्या १९९४ च्या ग्रंथात इंग्रजी, जर्मन, स्पॅनिश, हिब्रू आणि तुर्की बोलणाऱ्या मुलांनी व प्रौढांनी हीच चित्रे पाहून सांगितलेल्या गोष्टींचा अभ्यास आहे. तीन वर्षांचे मूल प्रत्येक चित्राचे सुटे वर्णन करते. वय वाढते तसा घटनांचा एकमेकींशी संबंध जुळत जातो. हरवलेला प्राणी हा त्या संबंधाचा धागा आहे. शोध चालू आहे हे ज्याला उमगले त्याला गोष्ट उमगली.

चित्राचा अडसर

एवढ्यावरून पाळीव प्राण्यांच्या चित्रपुस्तकाने वाचन आपोआप सुधारते, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. जे सॅम्युएल्स यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, शब्दासोबत चित्र दिले असता नवशिकी मुले सरावात पुष्कळ बरोबर उत्तरे देतात, परंतु चित्र काढून घेतल्यावर चित्राविना शिकलेल्या मुलांच्या मागे पडतात, असे दिसून आले. मुलाचे लक्ष सोप्या खुणेकडे जाते आणि अवघड खूण तशीच राहते. मेरी ॲन इव्हान्स व जाँ सेंट-ओबाँ यांनी २००५ मध्ये मुलांच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदविल्या. पुस्तक वाचून दाखविले जात असताना चार-पाच वर्षांच्या मुलांची नजर बहुतांश चित्रावरच खिळलेली होती. टाचणीने शब्द दाखविण्याची बार्बोल्डबाईंची रीत किती योग्य होती हे यावरून कळते. वाचून दाखविताना छापील शब्दावर बोट ठेवावे, हा आजच्या संशोधकांचाही सल्ला आहे.

प्राण्यांना माणसासारखे वागवण्याविषयीही सावध राहावे लागते. पॅट्रिशिया गानिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१४ च्या अभ्यासात, अपरिचित प्राण्यांविषयी माणसांच्या भाषेत लिहिलेली पुस्तके ऐकलेल्या मुलांनी त्या प्राण्यांविषयीची वस्तुस्थिती कमी आत्मसात केली. कुत्र्याला वाचून दाखविण्याचे जे उपक्रम अमेरिकेत १९९९ पासून सुरू झाले, त्यांचा पुरावाही २०१६ च्या एका साकल्यपूर्ण आढाव्यात फारसा भक्कम ठरलेला नाही.

प्रस्तुत लेखिकेच्या मुलीने पाचव्या वर्षी ‘मांजर’ या छापील शब्दावर बोट ठेवून अगदी आत्मविश्वासाने ‘माऊ’ असे वाचले होते. घरात कौतुक झाले. सॅम्युएल्स यांचे निष्कर्ष वाचल्यानंतर त्या कौतुकातला पोकळपणा ध्यानात आला. ती चित्र वाचत होती.

मोती आणि मनी

मराठीत छापील पुस्तकांतून मुलांसमोर आलेले आरंभीचे प्राणी नीतिकथांतले होते. सदाशिव काशिनाथ तथा बापू छत्रे यांची ‘इसपनीतिकथा’ १८२८ ची. कोल्हा, कावळा, सिंह हे तेथील नायक, आणि ते शहाणपण शिकविण्यासाठी बोलतात. घरातल्या प्राण्याशी मूल बोलते आहे, ही कल्पना त्या परंपरेत बसणारी नव्हती. आज चित्र बदलले आहे. प्रथम बुक्स (स्थापना २००४) आणि तिचे २०१५ पासूनचे स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ यांमुळे अनेक भाषांतली चित्रपुस्तके मराठीत सहज मिळू लागली. या स्वागतार्ह घटनेत एक तांत्रिक अडचण दडलेली आहे.

इंग्रजीत कुत्रा आणि मांजर यांची नावे तीन-तीन अक्षरांची, उच्चारानुसारी, पहिल्याच आठवड्यात वाचता येतील अशी आहेत. फ्लेश यांच्या पद्धतीलाही ती चालतात आणि ग्रे यांच्याही. मराठीत ‘कुत्रा’ म्हटले की जोडाक्षर आले. ‘म्हैस’ तर जोडाक्षरानेच सुरू होते. ‘मांजर’ आणि ‘कोंबडी’ यांवर अनुस्वार आहे. चौतीस व्यंजने धरली तरी बाराखडी चारशेच्या पुढे जाते आणि जोडाक्षरे निराळीच. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेल्या २००७ च्या अभ्यासात, भारतीय लिप्यांतील अक्षरज्ञान पक्के होण्यास इंग्रजी वर्णमालेपेक्षा बरीच अधिक वर्षे लागतात, हे दाखविले आहे. पालघर जिल्ह्यातील वाडा आणि कर्नाटकातील यादगीर येथे पहिली ते तिसरीच्या मुलांचा जो दीर्घ अभ्यास झाला (अहवाल २०१७), त्यातही अक्षरओळख पुरी होण्याच्या प्रतीक्षेत अर्थपूर्ण वाचन लांबणीवर पडते, ही चिंता व्यक्त झाली. इंग्रजीतील पहिल्या पायरीचे पुस्तक शब्दशः मराठीत आणले तर ते पहिल्या पायरीचे राहत नाही, ते या कारणाने.

येथे थॉमस यांचे दुसरे लक्षण, विशेषनाम, उपयोगी पडते. चित्रात कुत्रा दिसतो आहे तर मजकुरात ‘कुत्रा’ लिहिण्याची गरज काय? तेथे ‘मोती’ लिहावे, ‘राजा’ लिहावे. मांजराला ‘मनी’ म्हणावे. ही नावे पिढ्यान्‌पिढ्या आपल्या घरांतली आहेत, आणि लिपीच्या दृष्टीने अत्यंत सोपी आहेत. (‘वाघ्या’ मात्र पुढच्या पायरीसाठी राखून ठेवावा लागेल.) यात आणखी एक लाभ आहे. चित्राकडे पाहून मूल ‘भूभू’ म्हणेल. ‘मोती’ हे नाव चित्रात नाही, त्यासाठी अक्षरांकडेच पाहावे लागेल. निदान पहिल्या एक-दोन पानांवर तरी चित्र उत्तर सांगणार नाही. नाव ठाऊक झाल्यावर ही तटबंदी ढासळते. त्यावर एकाच पुस्तकात मोती आणि राजा असे दोन कुत्रे आणणे हा एक उपाय.

आणि आज्ञार्थ. मराठीत एकवचनी आज्ञार्थ म्हणजे बहुतेक वेळा नुसता धातूच. ये, जा, ऊठ. पळ, बस, बघ, धर, चल यांना तर काना-मात्रा-वेलांटीही नाही. वाचनाच्या पहिल्या महिन्यात मुलाला जी अक्षरे येतात त्यांतच ही क्रियापदे बसतात. पण मराठी मूल हे एकेरी आज्ञार्थ निःसंकोचपणे कोणाला उद्देशून वापरू शकते? आजी-आजोबांना ‘या’, ‘बसा’ म्हणावे लागते. कित्येक घरांत वडिलांनाही. आईला, धाकट्या भावंडाला आणि गोठ्यातल्या, ओसरीवरच्या प्राण्याला मात्र बिनदिक्कत ‘ये’ म्हणता येते. आदरार्थी रूपांचे व्याकरण ओलांडून मूल ज्याच्याशी बोलू शकते असा श्रोता म्हणून पाळीव प्राण्याची गरज मराठी पुस्तकाला इंग्रजीपेक्षा अधिक आहे. आपल्या ‘पाळीव’ या शब्दाची व्याप्ती येथे फायद्याची ठरते. दारातली शेळी, वासरू, कोंबडीचे पिल्लू, वाड्याच्या पाड्यावरील मुलाच्या ओळखीचे जे असेल ते चालेल. त्याला सोपे नाव मात्र हवे.

गोष्ट घडायची तर प्राण्याने ऐकता कामा नये. चार्ल्सचे मांजर टेबलाखाली गेले होते, आमची मनी माळ्यावर जाईल. ‘ये, मनी’ या आज्ञेनंतरचे वाक्य ‘मनी येत नाही’ असे होईल, आणि या नकारार्थी रूपात लिंगभेद नाही : मोतीही येत नाही, मनीही येत नाही. हुकूम आणि त्याचा अवमान या दोन्हींसाठी मूल तीच मोजकी अक्षरे वापरू शकते. लिंगभेद उपटतो तो शेवटच्या पानावर, प्राणी परत येतो तेव्हा. मोती आला, पण मनी आली. तीन वर्षांचे मूल बोलताना तेथे सहसा चुकत नाही. छापील ‘ला’ आणि ‘ली’ यांतील फरक मात्र त्याला प्रथमच, बोट ठेवून, पाहावा लागतो.